ट्रॉली पंक्चर, यार्ड रिकामं: एका कर्नल अपग्रेडचं प्रकरण

२०१९ चा डिसेंबर. माजलगावच्या एका खासगी स्कॅन सेंटरचं कॉम्प्युटरचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं होतं. स्कॅन माजलगावात निघायचा आणि रिपोर्ट द्यायचे औरंगाबादचे रेडिओलॉजिस्ट (शहराचं नाव तेव्हा तेच होतं). एका सकाळी त्यांचा फोन आला. "अहो, पेशंट गाडीत घालून गढीच्या पुढं येतो, तरी त्याचा स्कॅन माझ्या स्क्रीनवर येत नाही. तुमच्या त्या डब्याचं काहीतरी करा."

ते फार वाढवून सांगत नव्हते. गढी फाट्यावर माजलगावचा रस्ता सोलापूर महामार्गाला मिळतो, आणि पोटाचा मोठा स्कॅन पोचायला तेव्हा अर्ध्या तासाच्या वर लागायचा. डोक्याच्या स्कॅनला दहा मिनिटं. डोक्याचा स्कॅन म्हणजे बहुतेकदा अपघात किंवा लकवा. लकव्यात मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं आणि रक्तस्राव नाही याची खात्री स्कॅनशिवाय होत नाही. गावाकडून माजलगावला येण्यातच त्यातले दोन-तीन तास गेलेले असतात. मग दहा मिनिटं कमी वाटत नाहीत.

मांडणी साधी होती. स्कॅन मशीनचा कन्सोल विंडोजचा, कंपनीने सीलबंद केलेला. त्याला हात लावायचा नाही. कन्सोल सगळ्या प्रतिमा शेजारच्या एका छोट्या पीसीकडे पाठवायचा. हा पीसी म्हणजे रेडिओलॉजिस्ट म्हणाले तो डबा. त्यावर उबुंटू १६.०४ सर्व्हर (लिनक्सचा एक प्रकार) आणि प्रतिमा साठवून पुढे ढकलणारा एक प्रोग्राम. तिथून इंटरनेटवरून औरंगाबादच्या सर्व्हरवर. सेंटरला नेट यायचं गच्चीवरच्या खांबाला बांधलेल्या रेडिओ डिशमधून, गावातल्या केबलवाल्याच्या टॉवरकडे तोंड करून. पाच गिगाहर्ट्झचा, परवाना न लागणारा पट्टा. प्लॅन वीस एमबीपीएसचा (सेकंदाला वीस मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट), अपलोडलाही वीस.

आता हिशेब करा. सीटीची एक प्रतिमा ५१२ बाय ५१२ बिंदूंची, दर बिंदूला दोन बाइट. म्हणजे एक प्रतिमा अर्ध्या एमबीची. डोक्याच्या बारीक कापांच्या स्कॅनमध्ये तीनशे प्रतिमा धरल्या तर दीडशे एमबी. वीस एमबीपीएसच्या लाइनवर हे फार तर सव्वा मिनिटाचं काम. लागायची दहा मिनिटं. म्हणजे लाइन प्रत्यक्षात दोनच एमबीपीएसने चालत होती.

केबलवाल्याला बोलावलं. त्याने खिशातून मोबाइल काढला, स्पीड टेस्ट लावली आणि माझ्यासमोर धरली. "बगा की सर, अठरा यायलंय. तुमच्या मशीनमधेच काहीतरी आहे."

खरंच अठरा येत होतं. माणूस खोटं बोलत नव्हता, आणि भांडण तिथेच अडकून बसलं होतं. सहा महिने सेंटरवाले म्हणायचे नेट स्लो आहे, आणि तो म्हणायचा टेस्ट बघा.

स्पीड टेस्ट खोटी नसते, पण ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. एक तर ती जवळातला जवळ सर्व्हर निवडते. दुसरं म्हणजे ती एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते आणि सगळ्यांची बेरीज दाखवते. आपला डबा मात्र एकच कनेक्शन उघडून, लांबच्या सर्व्हरला, एका पाठोपाठ एक प्रतिमा पाठवत होता. तीच परीक्षा घ्यायची तर तशीच घ्यायला हवी. आयपर्फ नावाचं मोजमापाचं हत्यार डब्यावर आणि औरंगाबादच्या सर्व्हरवर टाकलं. एका टीसीपी कनेक्शनला (पोचल्याची पावती घेत घेत पाठवायची ही इंटरनेटची नेहमीची पद्धत) दोन एमबीपीएसही धड येईनात. आठ कनेक्शन एकदम उघडली तर चौदाच्या आसपास. मग यूडीपीने, म्हणजे कुणाला न विचारता अठरा एमबीपीएसने पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) फेकत राहायचं असं करून पाहिलं. जवळजवळ सगळी पोचली. फक्त शंभरात तीन वाटेत गळाली.

ही गळती हे खरं दुखणं. केबलवाल्याचा पोरगा गच्चीवर चढला तेव्हा खांबाचा क्लॅम्प ढिला निघाला. वाऱ्याने डिश हलत होती. तो आवळल्यावर गळती तीन टक्क्यांवरून दीडवर आली. त्याच्या खाली काही केल्या येईना. त्याच पट्ट्यात गावातल्या आणखी चार जणांच्या डिश बोलत होत्या, त्याला तो काय करणार? फायबर टाकायचं आश्वासन मिळालं, तारीख मिळाली नाही.

पण अडचण अशी की गळती दीड टक्का आणि वेग मात्र नव्वद टक्क्यांनी कमी. हे गणित ज्याला पटत नाही तो केबलवाल्याला शिव्या घालून घरी जातो. मीही जाणार होतो.

कारखाना आणि चिठ्ठ्या

माजलगावात ही गोष्ट समजावायला ऊस पुरतो. सेंटरच्या मालकांना मी तशीच सांगितली, कारण त्यांचाही ऊस होता.

समजा कारखान्याकडे यार्डाचा कॅमेरा नाही. गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकायच्या जागी, किती गाड्या खोळंबल्यात ते दिसत नाही. फक्त एवढंच कळतं की पाठवलेली अमुक ट्रॉली पोचली आणि तमुक पोचली नाही. अशा वेळी तोडीच्या चिठ्ठ्या (ऊस तोडून आणायची परवानगी) किती काढायच्या? जुना नियम असा: सगळ्या ट्रॉल्या पोचतायत तोवर चिठ्ठ्या हळूहळू वाढवत न्या. एखादी पोचली नाही की समजा यार्ड तुंबलं, आणि लगेच चिठ्ठ्या कमी करा. यार्डच तुंबतं तिथे हा नियम उत्तम चालतो. पण एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभी राहिली तर? यार्ड रिकामं, गव्हाण रिकामी, आणि कारखाना चिठ्ठ्या कमी करत बसलाय. दर साठ-सत्तर ट्रॉल्यांमागे एक पंक्चर होणाऱ्या रस्त्यावर चिठ्ठ्या कधी वाढूच शकत नाहीत. वाढायला लागल्या की एक पंक्चर होते.

टीसीपीचं अगदी असंच आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेपासून बर्कली विद्यापीठापर्यंत, म्हणजे जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरावर, इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून थेट ४० बिटांवर आला. सगळेच एकदम पाठवत होते, रांगा भरून वाहत होत्या आणि हरवलेलं पुन्हा पाठवण्यातच लाइन संपत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काम केलं आणि १९८८ मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं की वाट तुंबली असं समजा आणि मागे या. तारांच्या जाळ्यात पॅकेट सहसा रांग भरल्यानेच हरवतं, त्यामुळे हा अंदाज बरोबर ठरतो. त्या अंदाजाने इंटरनेट वाचवलं. पुढे पद्धती सुधारत गेल्या. २००६ पासून लिनक्समध्ये मुळातच क्युबिक नावाची पद्धत असते. एक पॅकेट हरवल्यावर जुनी रेनो पद्धत निम्म्यावर यायची, क्युबिक तीस टक्के कमी करते. तरी मूळ समजूत तीच: हरवलं म्हणजे तुंबलं.

रेडिओच्या लाइनवर ही समजूत फसते. तिथे पॅकेट हरवतं ते हवेत.

किती फसते हे मोजायला मॅथिस यांच्या नावाचं एक ढोबळ सूत्र आहे. एका वेळी वाटेत असू शकणाऱ्या पॅकेटांची सरासरी संख्या म्हणजे १.२२ भागिले गळतीच्या प्रमाणाचं वर्गमूळ. गळती दीड टक्का, म्हणजे ०.०१५. वर्गमूळ ०.१२२. भागाकार दहा. एका फेरीत फक्त दहा पॅकेट! माजलगाव ते औरंगाबाद रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण आपली पॅकेट मुंबईला वळसा घालून यायची. जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद. सेकंदाला वीस फेऱ्या, दर फेरीला दहा पॅकेट, दर पॅकेटात १४६० बाइट. करा गुणाकार: २.३ एमबीपीएस. क्लॅम्प आवळल्यावर प्रत्यक्षात येत होते २.१.

डब्यावर चालू कनेक्शनची आतली स्थिती पाहिली तर वाटेतल्या पॅकेटांचा आकडा आठ, नऊ, दहा यांच्यातच घुटमळत होता. अठरा एमबीपीएसची वाट भरायला लागतात सत्त्याहत्तर. सूत्र आणि डबा एकच आकडा सांगतायत हे पाहिल्यावर मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. गळती तीन टक्के असताना दहाच्या जागी सात पॅकेट असायची, म्हणजे क्लॅम्प आवळून थोडा फायदा झालाच होता; फक्त तो कुणाला जाणवण्याइतका नव्हता.

स्पीड टेस्टचं कोडंही इथेच सुटतं. टेस्टचा सर्व्हर पाच-सात मिलिसेकंदांवर असेल तर सेकंदाला वीसच्या जागी दीडशे फेऱ्या होतात, आणि वर कनेक्शन अनेक. दोन्ही गुणाकार केबलवाल्याच्या बाजूने.

दुसरा कारखाना

२०१६ मध्ये गुगलच्या मंडळींनी बीबीआर नावाची वेगळी पद्धत पुढे आणली. तिच्या मागेही व्हॅन जेकबसन यांचं नाव आहे. ज्या माणसाने 'हरवलं म्हणजे तुंबलं' शिकवलं, तोच तीस वर्षांनी म्हणतोय की हरवण्याकडे बघू नका. बीबीआरचा कारखाना वजनकाट्यावर उभा राहतो. तासाला किती ट्रॉल्या प्रत्यक्ष काट्यावरून जातायत ते मोजतो. रस्ता मोकळा असताना एक खेप किती वेळात होते तेही मोजतो. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे रस्त्यावर असायला हव्यात तेवढ्या ट्रॉल्या. त्याहून जास्त नकोत, कमीही नकोत. एखादी पंक्चर झाली तर तेवढीच पुन्हा पाठवा. चिठ्ठ्यांना हात लावू नका.

ही पद्धत लिनक्सच्या ४.९ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) आली, डिसेंबर २०१६ मध्ये. आपल्या डब्यावर ४.४ होतं.

इथे एक प्रश्न मला मालकांनी विचारला आणि तो रास्त होता: मोबाइलवर ॲप टाकतो तसं हे टाकता येत नाही का? नाही. टीसीपी कर्नलच्या पोटात असतं. कुठलाही प्रोग्राम फक्त 'हे एवढं पाठव' म्हणतो. किती वेगाने, कधी, पुन्हा केव्हा, हे सगळं कर्नल ठरवतं. शिवाय बीबीआर चालायला कर्नलला दर पावतीगणिक पोचण्याचा दर मोजावा लागतो, आणि ते मोजण्याची सोयच ४.९ पासून आली. त्यामुळे नुसतं एक मॉड्यूल जुन्या कर्नलला चिकटवणं शक्य नव्हतं.

उबुंटू १६.०४ ला ४.४ सोडून नवं कर्नल द्यायची अधिकृत वाट होती. एचडब्ल्यूई नावाचं पॅकेज घेतलं की बाकी सगळी यंत्रणा तीच राहून कर्नल तेवढं ४.१५ होतं. मला हेच हवं होतं. प्रतिमा ढकलणारा प्रोग्राम ज्यांनी दिला होता ते १६.०४ सोडून कशाचीही जबाबदारी घेत नव्हते.

आता माझी पहिली चूक. औरंगाबादचा सर्व्हर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, तोही १६.०४ वरच. तिथे आधी करून बघू म्हटलं. केलं, बीबीआर चालू केलं, माजलगावहून स्कॅन पाठवायला सांगितला. दहा मिनिटं. पुन्हा पाठवायला लावला. दहा मिनिटं. तासभर डोकं खाजवल्यावर उजेड पडला: चिठ्ठ्या कोण काढतं? पाठवणारा. घेणारा फक्त पावत्या देतो. मी काट्यावरचा माणूस बदलून आलो होतो आणि चिठ्ठ्या काढणारा तसाच बसला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हाताशी असलेल्या मशीनवर आधी काम करण्याचा मोह कुणाला सुटत नाही, मला तर नाहीच.

मग जरा शहाणपण सुचलं. लॅपटॉपवर तीन आभासी मशीन उभी केली: एक पाठवणारं, एक घेणारं आणि मधलं रस्ता म्हणून. लिनक्समध्ये नेटेम नावाची सोय आहे; तिने मधल्या मशीनवर मुद्दाम ५० मिलिसेकंदांचा उशीर, दीड टक्का गळती आणि अठरा एमबीपीएसची मर्यादा घातली. माझ्या टेबलावर माजलगावचा रस्ता तयार. ४.४ आणि क्युबिक: दोनच्या आसपास. ४.१५ आणि क्युबिक: तेच. ४.१५ आणि बीबीआर: सोळाच्या वर. मधली ओळ महत्त्वाची आहे. नुसतं कर्नल नवं केल्याने काहीही बदलत नाही. पद्धत सांगून बदलावी लागते, नाहीतर नव्या कर्नलमध्येही क्युबिकच चालू राहतं.

ती रात्र

डब्यावर दुरूनच एसएसएचने लॉगिन करून काम करायचं ठरवलं. रात्री अकराची वेळ, कारण तेव्हा गर्दी नसते. कर्नलचं पॅकेज घ्यायला गेलो तर कर्नलशी संबंधित पॅकेजांवर 'होल्ड' लावलेला दिसला. म्हणजे आधीच्या इंजिनिअरने मुद्दाम सांगून ठेवलं होतं की कर्नल अपडेट करायचं नाही. मी तो होल्ड काढला. का लावला असेल, हे स्वतःला विचारलं नाही. अपडेटची कटकट नको म्हणून लोक असं करतात, असं गृहीत धरलं. ४.१५ घेतलं, सिस्टीमच्या फाइलीत बीबीआरच्या दोन ओळी टाकल्या आणि रीबूट दिला.

दोन मिनिटं गेली. पाच गेली. पिंगला, म्हणजे 'जागा आहेस का' या हाकेला, उत्तर नाही.

रात्रपाळीच्या टेक्निशियनला फोन लावला. विशी-बाविशीचा पोरगा, हुशार, पण कॉम्प्युटरचं शिक्षण नाही.

"डबा चालू आहे का?"

"चालू हाय सर. पंखा फिरायलाय."

"मागं जिथं नेटची वायर घातलीय तिथं दिवे लागलेत का?"

"एक लागलाय. दुसरा लुकलुक करायचा तो करंना गेलाय."

मॉनिटर आणि कीबोर्ड जोडायला सांगितलं. कन्सोलचा मॉनिटर काढून चालणार नव्हता, म्हणून त्याने बिलिंगच्या टेबलावरचा उचलून आणला. लॉगिन झालं. एक-एक अक्षर फोनवर सांगून मी त्याच्याकडून कमांड टाइप करून घेतल्या. हायफनला तो 'आडवी रेघ' म्हणायचा, मग मीही म्हणायला लागलो. कर्नल नीट चढलं होतं. नेटवर्कच्या यादीत फक्त लूपबॅक, म्हणजे मशीनची स्वतःशीच बोलायची जोडणी. नेटवर्क कार्ड नव्हतंच.

त्याच वेळी पायऱ्यांवर गडबड ऐकू आली. मोटारसायकलवरून पडलेला एक जण आला होता. स्कॅन झाला, प्रतिमा कन्सोलवर बरोबर उमटल्या, पण पुढे जायला वाट नाही. मग पोराने पूर्वी करायचा तेच केलं: स्क्रीनचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. रेडिओलॉजिस्टनी ते पाहून रक्तस्राव दिसत नाही असं सांगितलं, आणि असे फोटो पुन्हा पाठवायचे नाहीत असंही मला सांगितलं. कापांमधून मागेपुढे फिरता येत नाही, उजेड-अंधार कमी-जास्त करता येत नाही. बोलले ते बरोबरच होतं.

आता कारण. डब्यात रिअलटेकचं कार्ड होतं. लिनक्समध्ये त्यासाठी आर८१६९ नावाचा ड्रायव्हर असतो. आधीच्या इंजिनिअरला ४.४ वर त्याचा काहीतरी त्रास झाला असावा, म्हणून त्याने रिअलटेकचा स्वतःचा आर८१६८ ड्रायव्हर आणून हाताने कंपाइल केला, आणि आर८१६९ ला ब्लॅकलिस्टमध्ये टाकलं. हाताने कंपाइल केलेला ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी केला त्याच कर्नलच्या फोल्डरात राहतो. नवं कर्नल आलं की त्याच्या फोल्डरात आर८१६८ नाही, आणि आर८१६९ आहे पण त्याला बंदी. दोन्ही दारं बंद. होल्ड का लावला होता, हे मला साडेबाराला कळलं. त्याने अपडेट करून एकदा हेच भोगलं असणार. पण लिहून ठेवलं नव्हतं, आणि तो पुण्याला गेला होता.

जुनं कर्नल डिस्कवर होतंच; उबुंटू ते लगेच काढत नाही. प्रश्न ग्रबच्या, म्हणजे कुठलं कर्नल चढवायचं ते निवडायच्या, मेनूपर्यंत पोचायचा. तो मेनू लपवलेला असतो. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरली की दिसतो. पहिल्या वेळी पोराने उशिरा दाबली, दुसऱ्या वेळी लवकर सोडली.

"सर, आता जांभळं दिसायलंय. इंग्रजीत लिहिलंय."

"दुसरी ओळ. एंटर. आता खाली चार पूर्णांक चार लिहिलेलं शोध."

"दोन हायेत. एकापुढं रिकव्हरी लिहिलंय."

"रिकव्हरी नको. वरचं."

एक वाजून दहा मिनिटांनी पिंगला उत्तर आलं.

पुन्हा, जाऊन

चार दिवसांनी सकाळी गाडी काढून मी स्वतः गेलो. पाचोडला चहा, शहागडला गोदावरी ओलांडली, गेवराईनंतर गढीला डावीकडे. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. त्यातल्या दोन खरोखरच कडेला पंक्चर होऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून हसू आलं.

यावेळी क्रम वेगळा ठेवला. आधी ग्रबला सांगितलं की कायमची निवड ४.४ आणि फक्त पुढच्या एका बूटसाठी ४.१५. म्हणजे काहीही बिघडलं तरी कुणीतरी बटण दाबून बंद-चालू केलं की डबा आपोआप जुन्या कर्नलवर येणार. कर्नल कोसळलंच तर तीस सेकंदांनी स्वतःहून रीबूट व्हावं अशी एक ओळही टाकली. आणि बूटनंतर पाच मिनिटं राउटरला पिंग करून पाहणारी, उत्तर नाही आलं तर रीबूट करणारी एक छोटी स्क्रिप्ट. समोर बसलेलो असताना या तिन्हींची गरज नव्हती. पण पुढच्या वेळी मी समोर असेनच असं नाही. खरं तर हे पहिल्याच रात्री करायला हवं होतं. हे सगळं मिळून वीस मिनिटांचं काम आहे.

ड्रायव्हरसाठी दोन वाटा होत्या: आर८१६८ नव्या कर्नलवर पुन्हा कंपाइल करायचा, किंवा ब्लॅकलिस्ट काढून कर्नलमधलाच आर८१६९ वापरून बघायचा. मी दुसरी निवडली. हाताने कंपाइल केलेला ड्रायव्हर म्हणजे दर अपडेटला पुन्हा तीच रात्र. ब्लॅकलिस्टची ओळ काढली, बूटच्या वेळी वाचली जाणारी इनिटरॅमएफएस नव्याने बनवली आणि रीबूट केलं. कार्ड दिसलं. दुपारभर कन्सोल ते डबा अशा मोठ्या फाइली ढकलून पाहिल्या. कार्डाने त्रास दिला नाही. ४.४ वर नेमका काय त्रास होता ते मला आजही सांगता येणार नाही, पण ४.१५ वर तो नव्हता.

एक कनेक्शन, आयपर्फ: १६ एमबीपीएस. वाटेतल्या पॅकेटांचा आकडा आठ-नऊवरून सत्तर-ऐंशीच्या पुढे. मग खरा डोक्याचा स्कॅन: दीड मिनिटाच्या आसपास.

सव्वा मिनिट का नाही? कारण वैद्यकीय प्रतिमांचा डायकॉम हा प्रोटोकॉल एक प्रतिमा पाठवतो, 'मिळाली' अशी पावती येईपर्यंत थांबतो, मग दुसरी पाठवतो. तीनशे प्रतिमा, दर वेळी ५० मिलिसेकंद थांबा: पंधरा सेकंद तिथेच गेले. हा थांबा कर्नलच्या हातातला नाही. एकाच वेळी सात-आठ जोडण्या उघडून पाठवणारा प्रोग्राम असता तर तेही वाचले असते, कदाचित कर्नलला हातही लावावा लागला नसता. आमचा प्रोग्राम एकच जोडणी उघडायचा आणि बदलायची सोय नव्हती.

संध्याकाळी बिलिंगच्या टेबलावरून हाक आली. "साहेब, स्कॅन पाठवताना आमचं काहीच उघडंना." बीबीआरवरचा हा आक्षेप जुनाच आहे: ते गळतीकडे बघत नाही, त्यामुळे शेजारच्या क्युबिक कनेक्शनला मागे सारून पुढे जातं. त्यात आमची डिश. रेडिओ एका वेळी बोलतो किंवा ऐकतो, दोन्ही करत नाही. अपलोडने हवा व्यापली की डाउनलोडला वेळच उरत नाही. आधी डबा दोनच एमबीपीएस खायचा म्हणून कुणाला कळत नव्हतं. बीबीआरसोबत वापरायच्या एफक्यू रांगेत दर कनेक्शनला कमाल वेग घालता येतो. तो बारावर बांधला. स्कॅनला वीस-तीस सेकंद वाढले, बिलिंग उघडायला लागलं. मालकांना बारा पटलं नाही. पैसे वीसचे देतो, म्हणाले. रेडिओलॉजिस्टना विचारलं तर ते म्हणाले, दोन मिनिटांत येतंय ना, मग मला काही अडचण नाही.

गळती अजून दीड टक्का आहे, हे मी केबलवाल्याला लेखी दिलं. त्याने मोबाइल काढून पुन्हा टेस्ट दाखवली. अठरा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये १६.०४ चा नेहमीचा आधार संपणार होता, म्हणून त्याच्या आधी डबा २०.०४ वर न्यायला पुन्हा गेलो. तोवर फायबर आलं होतं, डिश गच्चीवर आडवी पडली होती. पिंग लावून ठेवलं, हजारात एकही गळालं नाही. डब्याच्या बाजूला सेलोटेपने चिकटवलेला एक कागद होता, कडा पिवळ्या पडलेल्या. त्या पोराच्या अक्षरात: 'नेट गेलं तर बंद करून चालू करणे. चालू होताना शिफ्ट सोडू नये. जांभळं आलं की दुसरी ओळ. रिकव्हरी नको.'

मी नवी सिस्टीम टाकली, कागद तिथेच राहू दिला.